नऊ इंचांची पायरी

माणसाने आपल्या आईला गाडीत बसवावं, यात कुणाला काही अडचण असण्याचं कारण नाही. पण नामंजूररावांना आईला गाडीत बसवायला पुरते आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत त्यांचं शेजाऱ्यांशी, बायकोशी, एका सरकारी खिडकीशी आणि शेवटी खुद्द स्वतःशी भांडण झालं.

नामंजूरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते विमा कंपनीत होते. गाड्यांच्या अपघातांचे दावे त्यांच्या टेबलावर येत आणि ते त्यात खुसपट काढत. मालकाने गाडीत स्वतःच्या अकलेने काही फेरफार केलेला सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येई. एका गृहस्थाने मागच्या काचेवर नातवाचा फोटो चिकटवला होता. त्याची गाडी पुढून झाडावर आदळली, तरी नामंजूररावांनी ‘मागील दृश्यास अडथळा’ असा शेरा मारून कागद परत पाठवले. सव्वीस वर्षं हेच केल्यावर ऑफिसने त्यांना हे नाव दिलं, आणि त्यांनी ते मानाचंच समजून घेतलं.

तर अशा माणसाने आपली लहान, गुणी गाडी विकून एक जुनी, उंच, डोंगरदऱ्यांतून चालणारी गाडी घेतली. तिच्या चारही चाकांना जोर होता आणि ती सुरू झाली की इमारतीतल्या लोकांना कळत असे. हौस हे कारण नव्हतं. कारण मावशी होती.

आईची थोरली बहीण डोंगरावर राहायची. तिच्या घराचा रस्ता तीन वर्षांपूर्वी खचला आणि तेव्हापासून साधी गाडी वर जात नव्हती. मावशी चौऱ्याऐंशीची, आई एकोणऐंशीची. मावशी घर सोडून खाली यायला तयार नव्हती. दोघी रोज फोनवर बोलत, पण मावशीला फोनवर अर्धंच ऐकू येई आणि ते अर्धंही बहुधा ती स्वतःच बोलत असे. आई इकडून ओरडून विचारायची, ‘गुडघा कसा आहे?’ आणि तिकडून उत्तर यायचं, ‘हो, गेला तो, त्याची बदली झाली.’ फोन ठेवल्यावर आई बराच वेळ तशीच बसून राही. नामंजूररावांना ते बघवत नसे.

गाडी आली त्याच रविवारी त्यांनी आईला खाली आणलं. दार उघडलं. गाडीची जमीन आईच्या गुडघ्याच्या वर होती. आईने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा मुलाकडे. तेवढ्यात तळमजल्यावरचे ओव्हरसियर धावून आले. हे गृहस्थ निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण इमारतीत कुणी खिळा ठोकला तरी ते देखरेखीला हजर असत. त्यांनी आईला एका बाजूने धरलं, नामंजूररावांनी दुसऱ्या, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून उचललं. आई अर्ध्यावर असताना ओव्हरसियरांना शिंक आली.

आई पडली नाही, पण जी काही लटकली ती पहिल्या मजल्याच्या तिन्ही गॅलऱ्यांनी पाहिली. तिला परत जमिनीवर ठेवल्यावर तिने पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे सांगितलं, “मी धान्याची गोणी नाही. पुढच्या रविवारी मी माझ्या पायांनी चढेन, नाहीतर ताईचं नाव या घरात पुन्हा काढणार नाही.”

आई आरडाओरडा करणारी असती तर सोपं गेलं असतं. ती एकदा शांतपणे बोलली की ते बदलत नसे. नामंजूररावांच्या वडिलांनी एकदा तिच्या भाजीला नावं ठेवली होती, तेव्हा ती म्हणाली होती की यापुढे ही भाजी होणार नाही. ती पुढे एकेचाळीस वर्षं झाली नाही.

सोमवारी सकाळपासून नामंजूररावांच्या जिवाला घोर लागला. जेवताना त्यांचा पाय टेबलाखाली हलत राही आणि बायकोच्या ताटातली वाटी नाचे. घरी असले की दर तासाला ते मोजपट्टी घेऊन खाली जात, गाडीची उंची मोजत आणि ती कमी झालेली नाही हे बघून वर येत. ओव्हरसियर तिथे उभेच असत. त्यांनी सकाळी लाकडी उतार सुचवला, संध्याकाळी पुठ्ठ्यावर नकाशा काढून आणला. गाडी जिथे उभी राहते तिथली जमीन चारही चाकांखाली वीतभर खणायची, म्हणजे गाडी आपोआप खाली बसेल. नामंजूररावांनी विचारलं की मावशीच्या दारातही खणायचं का. ओव्हरसियर म्हणाले, तिकडचा नकाशा वेगळा काढावा लागेल.

शेवटी उपाय सापडला तो बायकोला. तिने फोनवर दाखवलं, अशा गाड्यांना दोन्ही बाजूंना लावायच्या लांब लोखंडी पायऱ्या मिळतात. ‘सर्व गाड्यांना बसते,’ असं खाली छापलेलं होतं. छापलेल्या मजकुरावर नामंजूररावांचा विश्वास असल्याने त्यांनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. मग आईची मोजणी झाली. जुन्या विमा नियमावल्यांचे गठ्ठे जमिनीवर रचले आणि आईला कपाट धरून त्यावर चढवून बघितलं. सात इंच, आठ इंच, नऊ. दहाव्या इंचाला आईने ओठ दाबले. पायरी नऊ इंचांवर, आणि तिथून दाराची मूठ धरून आधी सीटवर टेकायचं, मग पाय आत घ्यायचे, असं ठरलं. नामंजूररावांनी तो आकडा वहीत लिहून खाली तारीख घालून सही केली. सव्वीस वर्षांत त्या नियमावल्या कुणाच्या उपयोगी पडल्याची ही पहिलीच वेळ होती.

पायऱ्या मंगळवारी संध्याकाळी आल्या आणि बुधवारी नामंजूरराव त्या घेऊन गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रीला सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद गाडीखाली सरकला, बाहेर आला, पायरी उलटी करून बघितली आणि परत आत गेला. दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर त्याने हात पुसले. मिस्त्री हात पुसायला लागला की गाडीमालकाने खुर्ची शोधावी.

घोडं अडलं होतं ते असं. पुढच्या चाकाच्या अगदी मागे, दाराखालच्या पट्टीच्या टोकाला, कंपनीने एक भक्कम लोखंडी ब्रॅकेट बसवलं होतं. पुढून कोपऱ्यावर धडक बसली तर चाक मागे सरकून आत घुसू नये, ते इथे अडावं, म्हणून. पायरीचा पहिला बोल्ट जिथे जायचा नेमकं तिथेच हे ब्रॅकेट ठाण मांडून बसलं होतं. गाडीच्या याआधीच्या मॉडेलला ते नव्हतं, आणि पायरी बनवणाऱ्याने तीच गाडी पाहिली होती.

“कापून टाकू. पाच मिनिटांचं काम,” उस्ताद म्हणाला.

नामंजूररावांनी गाडीखाली वाकून बघितलं. ब्रॅकेटवर चिठ्ठी होती: ‘हा भाग काढू नये.’ मग त्यांनी पायरीसोबत आलेला कागद उघडला. त्यात लिहिलं होतं: ‘अडणारा भाग काढून टाकावा.’ दोन्ही मजकूर छापील होते. दोन छापील कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलतात हे दृश्य त्यांनी दाव्यांमध्ये रोज पाहिलं होतं, पण तेव्हा मध्ये सापडलेला माणूस दुसरा असे. उस्तादला थांबायला सांगून ते बाहेर येऊन येरझाऱ्या घालू लागले.

आधी त्यांनी गाडीच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की कंपनीची स्वतःची पायरी ब्रॅकेटला वळसा घालून बसते, फक्त ती या मॉडेलसाठी बनत नाही. मग ते वाहनांच्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पायरीमुळे गाडीची रुंदी वाढते का? वाढत असेल तर फेरफाराचा अर्ज करा. वाढत नसेल तर अर्ज लागत नाही, पण लागत नाही असा दाखला घ्या. दाखल्यासाठी काय लागतं, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, फेरफाराचा अर्ज. एवढं बोलून त्यांनी खिडकीत ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी लावली.

इथवर कुणीही सरळमार्गी माणूस हात टेकून बसला असता. नामंजूररावांनी मात्र जे केलं ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. त्यांनी विमेदार या नात्याने आपल्याच कंपनीला रीतसर अर्ज केला: ‘सदर वाहनाचे ब्रॅकेट काढल्यास विमा वैध राहील काय, याचा कृपया खुलासा व्हावा.’ तो अर्ज त्यांनी आवक खिडकीवर दिला, पोच घेतली आणि वर आपल्या टेबलाशी जाऊन बसले. अर्ध्या तासाने शिपाई तोच अर्ज घेऊन आला. फेरफारांचे सगळे कागद एकाच टेबलावर जात, आणि ते टेबल त्यांचं होतं.

शिपाई तिथून हलेना. नामंजूररावांनी अर्ज गंभीरपणे दोनदा वाचला. आपल्याच अर्जावर आपण निर्णय देणं योग्य नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी रजेवर होता आणि रविवार चार दिवसांवर आला होता. शिवाय काम समोर आलं की त्यांचा हात आपसूक चालत असे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही. त्यांनी शेरा मारला: ‘अर्जदाराने छायाचित्र जोडलेले नाही. त्रुटी कळवावी.’

त्रुटीचं पत्र तातडीच्या टपालाने गुरुवारी घरी पोचलं. बायकोने सही करून घेतलं आणि ते घरी आल्यावर त्यांच्या हातात दिलं.

“सकाळी अंघोळीला जाताना आरशात बघून सांगितलं असतंत तरी चाललं असतं,” ती म्हणाली.

नामंजूररावांनी छायाचित्र काढून जोडलं. शुक्रवारी सकाळी कागद पुन्हा त्यांच्यासमोर आला आणि आता त्रुटी काढायला जागा उरली नाही. त्यांनी नियम बघितला. नियम स्पष्ट होता. त्यांनी लिहिलं: ‘मूळ सुरक्षा भाग काढल्यास दावा विचारात घेतला जाणार नाही. सबब विनंती नामंजूर.’ सही करून प्रत खाली पाठवली आणि आवक खिडकीवर जाऊन अर्जदार म्हणून ती स्वतःच घेतली. तिथेच उभं राहून त्यांनी ती वाचली, आणि त्यांना भयंकर राग आला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण मघाशी टेबलाशी बसून लिहिताना जे वाक्य सुरेख वाटलं होतं, तेच खिडकीपाशी उभं राहून वाचताना उर्मट वाटत होतं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईचा गुडघा, तिची बहीण, यातलं अक्षरही त्यात नव्हतं. ‘सबब’ हा शब्द तर त्यांना अंगावर आल्यासारखा वाटला. ही पत्रं घेऊन लोक खिडकीपाशी काय पुटपुटतात ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आता ते स्वतःच पुटपुटत होते, आणि खिडकीतला कारकून कान देऊन ऐकत होता.

त्या रागात त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट गॅरेज गाठलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते नियम मोडायला निघाले होते. उस्तादला त्यांनी हुकूम दिला, कापा. उस्तादने कापायचं मशीन जोडलं. ते एकदा घुमवून बघितलं आणि म्हणाला, साहेब, पुढच्या डाव्या सीटवर बसा आणि खालची चटई उचलून धरा. तिथून वायर गेलीय का बघू, उगाच ठिणगी नको.

नामंजूरराव चढून बसले. चटई उचलली. खालून उस्तादने ब्रॅकेट ठोकून दाखवलं, आणि तो ठोका त्यांना तळव्यात जाणवला. ब्रॅकेट त्यांच्या पावलांच्या जेमतेम वीतभर पुढे होतं. ही सीट आईची. मागे बसलं की तिला मळमळतं, त्यामुळे ती इथेच बसणार, पावलं जोडून, पर्स मांडीवर धरून. दाव्यांच्या कागदांना जोडलेली असंख्य छायाचित्रं त्यांनी पाहिली होती. चाक आत घुसलं की काय होतं ते त्यांना उस्तादपेक्षा जास्त माहीत होतं.

“थांबा,” ते ओरडले. “ब्रॅकेट नाही. पायरी कापा.”

उस्तादला वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. नवी कोरी पायरी कापायची, हे त्याला कारागीर म्हणून सहन होईना. तरी त्याने मशीन बाजूला ठेवलं. मग तासभर दोघांनी जमिनीवर खडूने रेघा मारल्या. पायरीचं पुढचं टोक कापायचं, पहिला बोल्ट सोडून द्यायचा आणि मागच्या भोकांना जाड पट्ट्या लावून पायरी ब्रॅकेटला न शिवता बाहेरून न्यायची. उस्तादने बजावलं की नऊ इंचांवर लावलीत तर वाटेतला प्रत्येक दगड पायरीला भेटून जाईल. नामंजूरराव म्हणाले, भेटू दे. उंची नऊच.

शनिवारी दुपारी गाडी तयार झाली. ब्रॅकेट शाबूत, पायऱ्या भक्कम, आणि गाडी दोन्ही बाजूंनी हातभर वाटेल इतकी रुंद. खरं तर ती चार-चार बोटंच वाढली होती, पण इमारतीचं फाटक नेमकं तेवढंच अरुंद होतं. उजवी पायरी फाटकाच्या खांबाला लागली आणि खांबाचा गिलावा खाली आला. त्या आवाजाने ओव्हरसियर आले. त्यांनी खांब बघितला, पायरी बघितली, मागे सरले आणि नडगी पायरीवर आपटून मटकन खाली बसले. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या सहा नडग्यांनी पायरीचा अनुभव घेतला, त्यात एक नामंजूररावांची स्वतःची होती. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘घातक वस्तू’ या विषयावर चर्चा सुरू झाली. आई मात्र वरच्या खिडकीतून एकदाच डोकावली आणि आत गेली.

रविवारी सकाळी ती खाली आली. नामंजूररावांनी दार उघडलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले, कारण हात पुढे केला असता तर तो आपोआप तिच्या काखेत गेला असता. आईने पर्स खांद्याला लावली. उजवा पाय पायरीवर ठेवला, दाराची मूठ धरली, थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग डावा पाय आला. मग ती आत बसली होती. गॅलऱ्यांतून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ओव्हरसियर नडगी धरून म्हणाले, मी म्हटलंच होतं.

खचलेल्या रस्त्यावर पायरीने खरोखरच प्रत्येक दगडाची भेट घेतली. खालून खाडकन आवाज आला की नामंजूरराव ब्रेक दाबायचे आणि मागे बसलेली बायको ‘गेली वाटतं’ म्हणायची. आई समोर बघत होती. एका वळणावर तिने फक्त विचारलं, ताईला आपण येतोय हे कळलंय ना. काल फोनवर सांगितलं होतं, पण तिकडून उत्तर भोपळ्याबद्दल आलं होतं.

मावशीला कळलं होतं. ती काठी टेकत दारातच उभी होती, आधीपेक्षा निम्मी झालेली. गाडी थांबली. नामंजूरराव विजयी वीरासारखे फिरून डाव्या बाजूला आले आणि दार उघडलं. आईने खाली बघितलं. आणखी थोडं वाकून बघितलं. मग ती परत सीटला टेकून बसली.

आठ दिवस सगळ्या जगाने चढण्याचा विचार केला होता. उतरण्याचा कुणीच केला नव्हता. चढताना पायरी समोर दिसते. उतरताना ती आपल्याच पोटाखाली असते, आणि पाय हवेत सोडून तिला चाचपडावं लागतं. ते आईला जमणार नव्हतं, आणि उचलू देणं तिला मान्य नव्हतं. नामंजूरराव गाडीला एक फेरी मारून परत तिथेच आले. मधे हात-दीड हात अंतर, आणि दोघी बहिणी दोन बाजूंना.

“उतरत का नाहीस?” मावशीने विचारलं.

“खालचं दिसत नाही गं.”

मावशीने गाडीकडे बघितलं. मग काठी नामंजूररावांच्या हातात दिली, गाडीला धरून धरून पलीकडच्या बाजूला गेली, चालकाचं दार उघडायला लावलं, नऊ इंचांच्या पायरीवर पाय ठेवला आणि कुणी ‘अहो’ म्हणायच्या आत स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. दार ओढून घेतलं. तिचा हात धरून आई रडू लागली. मावशीने चालू गाडी सांभाळावी तसा दुसरा हात स्टिअरिंगवर ठेवला होता. नामंजूरराव तोंड फिरवून पायरीला किती पोचे आलेत ते मोजू लागले.

त्यानंतर दोघी बोलल्या. काचा बंद होत्या, आणि इतक्या जवळून मावशीला सगळं ऐकू येत होतं. जेवणाची ताटं बायकोने खिडकीतून आत दिली. तीन वाजले, चार वाजले. दोघींना खाली कसं उतरवायचं हा प्रश्न होताच, आणि मावशी सीटवरून हलल्याशिवाय गाडी चालवणारही कोण? पाचच्या सुमाराला नामंजूररावांना राहवेना. त्यांनी काचेवर टकटक केली. मावशीने काच दोन बोटं खाली घेतली.

“मावशी, अंधाराच्या आत निघायला हवं.”

“आत्ता कुठे आमचं पहिलं वर्ष संपतंय,” मावशी म्हणाली. “अजून दोन राहिलीत. तू आत जाऊन पड.”

काच वर गेली. नामंजूरराव आत जाऊन खरोखरच आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर हॉर्न वाजला. दोघींना चहा हवा होता.